तसबिरीची ऑर्डर घेताना: गोव्यातल्या नवख्या व्यक्तिचित्रकारासाठी

गोव्यात तैलरंगातल्या व्यक्तिचित्राचे काम मुख्यतः तीन ठिकाणांहून येते: जुनी भाटकारांची (जमीनदारांची) नि व्यापाऱ्यांची घरे, देवस्थान समित्या व मठ, आणि संस्थापकाची तसबीर लावू पाहणाऱ्या शाळा नि वाचनालये. समोर बसून चित्र करून घेणारी माणसे थोडी. बहुतेकदा माणूस गेलेला असतो, आणि लग्नातल्या घोळक्यातून कापलेला नखाएवढा चेहरा हातात ठेवून ‘वर्षश्राद्धाला लागायला हवी’ असे सांगितले जाते. म्हणून जिवंत माणूस आणि फोटो, दोन्हींवरून काम करता यायला हवे. त्यातही शिकायचे ते जिवंत माणसावरूनच. नुसत्या फोटोवर वाढलेला हात फोटोतल्या चुकाही इमानेइतबारे उतरवतो.

पणजीच्या आल्तिनो टेकडीवर १९७२ मध्ये स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय आहे. तिथली चार वर्षे उपयोगी आहेतच, पण बघण्यासारखी आणखी दोन ठिकाणे आहेत. पहिले पणजीच्याच फोंतान्यस भागातले फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था. सांग्याला जन्मलेले आंतोनिओ शाव्हिएर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. त्यांची चित्रे इथे आहेत, आणि त्यांची मुलगी आंजेला हिचीही. त्रिंदादांच्या चेहऱ्यांत सावलीची बाजू किती पातळ नि उबदार ठेवली आहे, आणि जाड रंग फक्त उजेडात कसा आहे, ते हातभर अंतरावरून पाहा. दुसरे जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय. तिथे पोर्तुगीज गव्हर्नर नि व्हाइसरॉयांच्या चित्रांची मालिका आहे; ती १५४७ मध्ये गव्हर्नर जुवांव द कास्त्रो यांच्या काळात सुरू झाली. त्यावर पुढे इतक्यांनी रंग चढवले की बऱ्याच ठिकाणी पोशाख नि कुलचिन्ह बोलते, माणूस गप्प. संस्थेच्या भिंतीवर तसबिरीचे काय होते ते तिथे कळते.

आता उजेड. गोव्याच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्यांच्याजवळ बसवा. शिंपल्यातून गाळून येणारा उजेड मऊ असतो, सावलीच्या कडा कापल्यासारख्या दिसत नाहीत. राजांगणात (घराच्या मधल्या उघड्या चौकात) बसवण्याचा मोह टाळा. तिथे उजेड डोक्यावरून पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि साठीचा माणूस ऐंशीचा दिसतो. आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही: लाल सिमेंटची जमीन. तिचा लाल उजेड खालून हनुवटीवर, नाकाच्या बुडाशी आणि पांढऱ्या सदऱ्याच्या पटांत चढतो. चित्रकार तो प्रामाणिकपणे रंगवतो आणि घरचे म्हणतात, ‘गळ्याला काय झाले?’ पायांशी एक पांढरी चादर अंथरली की प्रश्न मिटतो.

बैठका पाच-सहा, प्रत्येकी दोन तासांच्या, रोज त्याच वेळी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्या, आणि त्याआधी खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा. डोके प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान काढावे. मापाबरहुकूम काढलेले डोके भिंतीवर गेल्यावर थोराड वाटते. चुका ठरलेल्या आहेत: डोळे वर चढतात आणि कपाळ आखूड होते (डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात), तीनचतुर्थांश (किंचित बाजूला वळलेल्या) चेहऱ्यात पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच मोठा होतो, नाकपुड्या काळ्या भोकांसारख्या होतात. दर अर्ध्या तासाने चित्र आरशात बघितले की यांतल्या निम्म्या तरी पकडल्या जातात.

सावळा रंग पांढरा मिसळून उजळायला गेलात की चेहरा राख फासल्यासारखा होतो. पाया यलो ऑकर (मातकट पिवळा) नि बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) ठेवा, सावलीसाठी त्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) नि रॉ अंबर (मातकट तपकिरी), पांढरा फक्त उजेडात. सावळ्या कपाळावरची चकाकी बहुधा निळसर असते, कारण तिथे खिडकीतले आभाळ उतरलेले असते. दागिन्यांना सोनेरी रंग लावू नका. ऑकर, अंबर आणि एकदोन नेमके पिवळट ठिपके पुरतात.

जुन्या कृष्णधवल फोटोत एक फसगत हमखास होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक फोटोच्या काचा (काचेच्या निगेटिव्ह) नि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे कुंकू, ओठ, लाल लुगडे काळे येते, त्वचा असते त्यापेक्षा गडद येते, आणि निळे कापड पांढुरके दिसते. ‘आजी काळे लुगडे नेसली आहे’ असे समजून रंगवलेत तर घरची म्हातारी माणसे पहिल्याच नजरेत नाकारतील. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, पेटीतले लुगडे काढून बघा. कुंकू ठेवायचे की नाही, कोणत्या वयाचा चेहरा हवा, हेही आधीच विचारून घ्या. नवा फोटो स्वतः काढणार असाल तर सहा-सात फुटांवरून, फ्लॅशशिवाय. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगते आणि कान मागे पळतात.

कोळशाचे रेखाटन झाले की दोनच माणसांची संमती घ्या, आणि ती दोन कोण हे ऑर्डर घेतानाच लिहून ठेवा. पाच जण बघायला आले तर पाच तोंडे निघतात, आणि तक्रार बहुतेक वेळा तोंडाचीच असते. ओठांच्या कोपऱ्यातला केसाएवढा फरक माणूस बदलतो, म्हणून कोपरे शेवटपर्यंत मऊ ठेवावेत. पैसे निम्मे ऑर्डरला, पाव रेखाटन मान्य झाल्यावर, पाव चित्र नेताना. दर आकारावर ठरवा, पण हात दाखवायचे असतील तर वेगळे लावा. एक हात चेहऱ्याएवढाच वेळ खातो. कागदावर आणखी एक ओळ हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन करून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. आपल्या प्रदर्शनात किंवा कॅटलॉगात चित्र छापायचे असेल तर तशी परवानगी आधीच लिहून घ्या.

राहिला पाऊस. चवथीची (गणेश चतुर्थीची) ऑर्डर जूनमध्ये येते, आणि नेमका तेव्हाच रंग वाळत नाही. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर क्रमाने तेलकट. उलटे केले तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. घाई असेल तर खालचा थर ॲक्रेलिकचा करा, त्यावर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रेलिक कधीही नाही. वार्निश सहा महिने ते वर्षभरानंतर, जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवशी लावावे. दमट हवेत लावले तर त्यावर दुधासारखी झाक येते. चित्र देताना चौकटीच्या पाचरी कुठे नि किती ठोकायच्या ते दाखवून द्या, कारण पावसात कॅनव्हास सैल पडतो. घराच्या बाहेरच्या बाजूच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर टांगू देऊ नका. तीच जागा हवी असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.