लेखात तुमचा आवाज ऐकू येत नाही? या चुका टाळा

मी इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या गावातला. तरी माझ्या सुरुवातीच्या सगळ्या लेखांत मुंबईची चाळ, सामाईक गॅलरी आणि मिश्कील काका! चाळीत मी एक रात्रही काढलेली नव्हती. एका लाडक्या विनोदी लेखकाची पारायणं केली होती, एवढंच. नक्कल सगळेच करतात, तिथं मुक्काम ठोकू नये. आवडतं पुस्तक मिटल्या मिटल्या लिहायला बसू नका, मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

'आजच्या धकाधकीच्या जीवनात...' ही सुरुवात सरळ खोडा. बहुतेकदा खरा लेख दुसऱ्या परिच्छेदात सुरू झालेला असतो.

सगळ्यात नडते ती चूक वेगळीच. आपण गोष्ट सांगत नाही, तिचा गोषवारा देतो. माझंच वाक्य बघा: 'यंत्रांच्या अविरत खडखडाटात माझं बालपण सरलं.' हे कुणीही लिहील, इचलकरंजी न बघतासुद्धा. बहिणीला फोनवर मी हेच असं सांगतो: 'रात्री लाइट गेली की माग थांबायचे, आणि त्या शांततेनंच आपण जागे व्हायचो, आठवतंय?' म्हणून अडलं की कागद बाजूला ठेवा. मोबाइल घ्या, जवळच्या माणसाला सांगावं तसं बोलून रेकॉर्ड करा, मग उतरवून काढा. 'म्हणजे', 'ना', अडखळणं काढून टाका, पण क्रम हलवू नका. आधी काय सांगावंसं वाटलं आणि नंतर काय, यात माणूस जास्त ओळखू येतो; भारी शब्दांत तो नाहीच.

बोलीचं दुखणं दोन्हीकडून आहे. शाळेत लाल पेनाचा मार खाल्लेले लोक घरचे शब्द वेचून वेचून काढतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकानं त्यांची गाणी टिपून ठेवली, आणि १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं आली, त्यांच्या खानदेशी बोलीतच. ती 'शुद्ध' करून छापली असती तर हाती काय उरलं असतं? पण म्हणून घरात प्रमाण मराठी बोलणाऱ्यानं 'म्या', 'व्हतं' असली फोडणी घालायची गरज नाही. ते लगेच कळतं.

'ही एक अशी गोष्ट आहे जिने माझ्यावर खोल प्रभाव टाकला' असलं वाक्य लिहून झालं असेल, तर स्वतःला विचारा: हे मी जेवताना कुणाला म्हणेन का?

शेवटी मोठ्यानं वाचा, जमलं तर घरच्या माणसासमोर. मागावरचा लेख मी आईला वाचून दाखवला. 'लयबद्ध नाद' ऐकताच तिनं भाजी निवडायची थांबवली. 'माग असा कुठं वाजतो रे?' म्हणाली, आणि विळीच्या पाटावर मुठीनं ठोकून दाखवला.