जुना झालेला हीट पंप : पाणी गरम येते, म्हणून फसू नका

फाल्गुन सरत आला की आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर बिबड्यांचे वाळवण पडते, आणि पाखरांपासून त्याची राखण करण्यासाठी आई दरवर्षी एकाच कोपऱ्यात पाट टाकून बसते. तो कोपरा म्हणजे पाणी तापवणाऱ्या हीट पंपाच्या पंख्यासमोरची जागा. हे यंत्र हवेतील उष्णता शोषून टाकीतल्या पाण्याला देते, त्यामुळे त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा गार असते, आणि खानदेशातल्या उन्हात तेवढा झोतही मोलाचा वाटतो. दोन वर्षांपूर्वी आई जेवायला खाली आली आणि सहज म्हणाली, “यंदा त्या मशीनचा वारा गार लागत नाही.” आम्ही तिकडे दुर्लक्ष केले, कारण न्हाणीघरात पाणी कढत येत होते. वीजबिल वाढले होते खरे, पण त्याचे खापर आम्ही नुकत्याच सुरू झालेल्या कूलरवर फोडले होते.

प्रत्यक्षात कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्रातला गॅस दाबून हवेतली उष्णता पाण्यापर्यंत पोचवणारा भाग, जानेवारीपासून बंद होता. त्याला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर फुगून निकामी झाला होता. पंखा फिरत होता, दिवे लागत होते आणि पाणी तापवण्याचे सगळे काम टाकीत मदतीला बसवलेला दोन किलोवॉटचा विजेचा रॉड मुकाट्याने करत होता. म्हणजे हीट पंप म्हणून घेतलेले यंत्र अडीच महिने साधा गीझर म्हणून चालले. जुन्या हीट पंपाच्या बाबतीत घडणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी, पाणी गरम येते म्हणजे यंत्र ठीक आहे, हीच समजूत असते. आमच्या शेजारचे आप्पा ही हकिगत ऐकून त्यांच्या अहिराणीत म्हणाले होते, “पानी ते गरम येस ना, मंग काय बिघडनं?” काय बिघडले ते हिशेबानेच कळते.

दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे असेल तर ६,००० किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. रॉडने तापवले तर साधारण सात युनिटे जळतात. धडधाकट हीट पंप आपल्याकडच्या हवेत एका युनिटाच्या मोबदल्यात तीन युनिटांएवढी उष्णता देतो, म्हणून तेच काम सव्वादोन-अडीच युनिटांत होते. टाकी रोज पूर्ण वापरली जात असेल, तर महिन्याला सुमारे १४० युनिटांचा फरक पडतो, आणि नळाच्या पाण्याकडे पाहून तो कोणालाही दिसत नाही.

महिन्यातून एकदा यंत्राची परीक्षा घ्या

पहिली चूक म्हणजे यंत्र तपासायचे ते बंद पडल्यावरच, असे धरून चालणे. तपासणीसाठी मेकॅनिक लागत नाही. टाकीतले गरम पाणी वापरून झाल्यावर यंत्र सुरू करावे, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि साध्या थर्मामीटरने आधी सावलीतल्या हवेचे व मग पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. बाहेर पडणारी हवा निदान पाच-सहा अंशांनी गार असली पाहिजे. फरक एक-दोन अंशांचा असेल तर गॅस कमी झाला आहे, कॉम्प्रेसर दमला आहे किंवा हवाच पुरेशी फिरत नाही. फरक शून्य असेल तर तुम्ही रॉडवर अंघोळ करत आहात.

दुसरी परीक्षा मीटरवर होते. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा शेजारी छापलेला असतो. तो ३,२०० असेल आणि घरातले बाकी सगळे बंद ठेवून फक्त हीट पंप चालू असेल, तर सातशे वॉटच्या कॉम्प्रेसरला हा दिवा मिनिटाला सदतीसच्या आसपास लुकलुकेल आणि दोन किलोवॉटच्या रॉडला शंभराच्या वर जाईल. घड्याळ हातात घेऊन मोजायला बसले की प्रकार थोडा गमतीचा वाटतो, पण या दोन आकड्यांतला फरक इतका मोठा आहे की मोजणीत पाच-सातची चूक झाली तरी निष्कर्ष बदलत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रॉडला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा स्विच, लावून घेणे आणि एरवी तो बंदच ठेवणे. आमच्याकडे आता तसेच आहे. कॉम्प्रेसर थांबला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गार येते आणि बिघाड त्याच दिवशी कळतो.

पाणी कोमट झाले म्हणून तापमान वाढवत नेऊ नका

यंत्र जुने झाले की पाणी पूर्वीइतके तापत नाही, आणि मग घरातले कोणीतरी सेटिंग ५५ वरून ६० वर, मग ६५ वर नेते. पाणी जितके जास्त तापवायचे तितका कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि विजेच्या मानाने मिळणारी उष्णता घटते. जीर्ण कॉम्प्रेसरला हा चढ झेपत नाही. तो गरम होऊन वारंवार आपोआप बंद पडतो आणि उरलेले काम पुन्हा रॉडवर पडते. शिवाय ६० अंशांच्या पुढे जड पाण्यातला चुना फार वेगाने खाली बसतो. पाणी कोमट येण्याचे कारण बहुधा सेटिंगमध्ये नसून साचलेला क्षार, हवेतून उष्णता घेणारे मळलेले कॉइल किंवा कमी झालेला गॅस यांत असते, तेव्हा आधी तिथे पाहावे.

खानदेशात क्षाराचा प्रश्न थोडा निराळा आणि जास्त चिवट आहे. नळाला एक-दोन दिवसांआड पाणी आले की गच्चीवरची टाकी बोअरच्या पाण्याने भरली जाते, आणि हे पाणी किती जड आहे ते प्रयोगशाळेत न जाताही कळते. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. पिण्याला चालणारे पाणी हीट पंपालाही चालेल, असा याचा अर्थ नाही. उष्णता देणाऱ्या नळीवर चुन्याचा पातळ थर बसला, तरी तो अंगावर गोधडी घेतल्यासारखा उष्णता अडवतो.

हा थर काढण्यासाठी संडास साफ करण्याचे अॅसिड वापरू नये, असे मुद्दाम सांगावे लागते, कारण ते वापरणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी भोके पाडते आणि वर्षभरात टाकी गळू लागते. सायट्रिक अॅसिडचे, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाचे, सौम्य द्रावण फिरवून नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढणे सुरक्षित असते. टाकीला आतून काचेचा थर असेल तर तिच्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही असतो. टाकीच्या ऐवजी तो स्वतः झिजतो, त्यासाठीच तो बसवलेला असतो. तो दर दोन-तीन वर्षांनी काढून पाहावा. आमचा नऊ वर्षांनी काढला, तेव्हा मधली तार तेवढी शिल्लक होती, आणि ज्याने यंत्र बसवले त्याने असा काही भाग आत आहे हे कधी सांगितलेच नव्हते.

“गॅस संपला” हे उत्तर मान्य करू नका

गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे तोच फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. दर उन्हाळ्यापूर्वी गॅस भरून देणारा मेकॅनिक स्वस्तात काम करत असला, तरी तो आजार तसाच ठेवून सलाइन लावत असतो. नायट्रोजनचा दाब देऊन आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधणे, ती जोडून बंद करणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढणे आणि मग यंत्राच्या पाटीवर लिहिले आहे तितकाच गॅस वजन करून भरणे, हा त्याचा खरा क्रम आहे. वजनकाटा न आणता केवळ हाताने नळी चाचपून गॅस भरणाऱ्याला परत पाठवावे.

पाटीवर कोणता गॅस लिहिला आहे, तोही वाचून ठेवावा. जुन्या यंत्रांत आर-२२, त्यानंतरच्यांत आर-१३४ए, आर-४०७सी किंवा आर-४१०ए असतो. आर-४०७सी हे तीन वायूंचे मिश्रण असून गळतीत ते एकाच प्रमाणात निसटत नाहीत, म्हणून त्याची वरून भर घालता येत नाही, तर सगळा काढून नव्याने भरावा लागतो. आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ भरून देण्याचा प्रकारही चालतो. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि यंत्र त्याच्यासाठी बनवलेले नाही, तेव्हा तसे करू देऊ नये.

धूळ, कोंडा आणि पत्र्याची शेड

जळगावात डाळ मिलच्या जवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तुरीचे बारीक फोलपट वाऱ्यावर येते आणि कॉइलच्या पातळ फिनांमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये, जाऊन बसते. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू तेच काम करतात आणि त्यावर पावसाळ्यापूर्वीच्या वावटळींची माती चढली की फिनांवर अक्षरशः नमदा तयार होतो. हवा आत जाईना झाली की यंत्राला उष्णता मिळायची कुठून? कॉइल मऊ ब्रशने व साध्या पाण्याच्या हलक्या धारेने, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने, वीज बंद करून धुवावे. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप लावला तर फिन आडव्या होतात आणि होता तो मार्गही बंद होतो.

ऊन लागू नये म्हणून यंत्रावर पत्रा टाकणे चांगलेच आहे, पण अनेक जण उत्साहाने तीन बाजूही बंद करून टाकतात. मग यंत्र स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा आत ओढत राहते आणि दर फेरीला त्याच्या हाती कमी उष्णता लागते. सावली डोक्यावर असावी, बाजू मोकळ्या असाव्यात. गच्चीवरून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवरचा काळा फोम मात्र उन्हाने चार-पाच वर्षांत भुसभुशीत होतो आणि खारी तो घरट्यासाठी ओढून नेतात. तो बदलून वर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळावी.

वेळ चुकीची निवडू नका

बहुतेकांचा टायमर पहाटे चारला लावलेला असतो, कारण गीझरची सवय तशी असते. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी तो पंचवीस-तिसाच्या घरात असतो. हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्राने दुपारीच काम करावे आणि चांगल्या आवरणाच्या टाकीने ते पाणी सकाळपर्यंत राखावे. जुन्या यंत्राला तर हा बदल औषधासारखा लागू पडतो.

पहाटे चालवावेच लागले, तर कॉइलवर कधी पांढरे हिव दिसते आणि थोड्या वेळाने यंत्र ते स्वतः वितळवते. त्या वेळी निघणारी वाफ धूर समजून घाबरू नये. बर्फाचा जाड थर तसाच राहत असेल, तर सेन्सर, व्हॉल्व्ह किंवा गॅस यांत बिघाड आहे. तो बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, कारण त्याखालच्या नळीला भोक पडले की सगळा गॅस एका मिनिटात निघून जातो. पावसाळ्यात यंत्राखाली ठिबकणारे पाणी हवेतल्या दमटपणाचे असते, ती गळती नव्हे.

वीज गेली आणि लगेच आली, की बटण सारखे चालू-बंद करणे ही आणखी एक जुनी खोड आहे. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला तीन-पाच मिनिटे लागतात. नव्या यंत्रात तेवढी वाट पाहण्याची सोय असते, पण जुन्या सर्किटवर ती भरवशाची नसते.

मे महिन्यात काय करावे

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी आधीच अंगाला चटका देणारे असते, आणि इतक्या गरम हवेत चालण्यासाठी बरीच यंत्रे बनवलेलीही नसतात. म्हणून यंत्र बंद ठेवणे योग्यच आहे. चूक होते ती आतले पाणी महिनोन्महिने तसेच साठवून ठेवण्यात. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून ते फुप्फुसात जाऊ शकतात. घरात म्हातारी माणसे असतील तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. टाकी रिकामी करावी आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा सुरू करताना पहिले पाणी एकदा ६० अंशांपर्यंत तापवावे. त्या एका दिवसापुरता रॉड लावायला हरकत नाही.

याच दिवसांत अर्थिंगचा खड्डाही पार सुकलेला असतो. त्यात पाणी घालावे. रॉडचे आवरण फुटून पाण्यात वीज उतरली तर कोरड्या मातीतली अर्थिंग उपयोगी पडत नाही, म्हणून वीज गळताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी असलीच पाहिजे आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहिले पाहिजे. आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून थेट जोडणी करून देणाऱ्या वायरमनला घरात घेऊ नये.

दुरुस्ती कुठे थांबवायची, याचे माझे गणित सोपे आहे. कपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर, रॉड, सेफ्टी व्हॉल्व्ह हे भाग यंत्र कितीही जुने असले तरी बदलावेत. कॉम्प्रेसर गेला आणि गॅस आर-२२ असेल, तर नवे यंत्र पाहावे, कारण मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. टाकीच्या सांध्यातून पाणी येत असेल तर सांधा घट्ट करता येतो, पण टाकीच्या बाहेरच्या पत्र्याखालून गंजाचे तांबूस पाणी झिरपू लागले असेल, तर आतली टाकी फुटलेली असते आणि तिला वेल्डिंग टिकत नाही. आमच्या टाकीखाली तसा डाग अजून नाही. आई वाळवणाला बसते तेव्हा तो कोपराही पाहून घेते, आणि गेल्या फाल्गुनात वारा गार होता.