नर्सिंगच्या पहिल्या वर्षाआधी: पिशवी, घड्याळ आणि थोडा सराव

जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला, की घरात आधी युनिफॉर्मच्या कापडावर चर्चा सुरू होते. ते कॉलेज सांगेल तेव्हा शिवा. त्याआधी हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस घेऊन टाका. दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो, त्यामुळे ऐनवेळी धावपळ करून हा कोर्स पुरा होत नाही.

पिशवीत निळा-लाल पेन, खिशात मावेल अशी डायरी, छोटा टॉर्च, मेजरटेप. बूट रबरी तळाचे, आवाज न करणारे. स्टेथोस्कोप महागाचा नको. पहिल्या वर्षी तो हमखास कुणीतरी ‘आत्ता देते हं’ म्हणून घेऊन जातं. नखं कापा, अंगठ्या घरी ठेवा. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात आणि अंगठीखालचा मळ तरीही निघत नाही.

सेकंदकाट्याचं घड्याळ मात्र आजच घ्या आणि घरातल्यांवर सराव सुरू करा. नाडी दोन-तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20. श्वास मोजतोय हे सांगायचं नाही. सांगितलं की आजोबा लगेच श्वास सांभाळून घ्यायला लागतात. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवा आणि पूर्ण मिनिटभर नजर छातीवर ठेवा. काम कंटाळवाणं आहे, म्हणून तर कित्येक चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास 20 लिहिलेला सापडतो. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासच वाढतो. तो आकडा अंदाजाने भरायची सवय पहिल्या वर्षी लागली, की पुढे सुटत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो. पेशंट नुकताच गार पाणी प्यायलेला असेल, तर तोंडात थर्मामीटर लावायला 15 ते 30 मिनिटं थांबा. वॉर्डात जाताना स्वतःही खाऊन-पिऊन जा. पहिलं ड्रेसिंग उपाशीपोटी बघून चक्कर येणारे कमी नसतात.

अहिराणी येत असेल तर लाजू नका. ‘काय व्हयनं, माय?’ एवढं विचारलं तरी म्हातारी मोकळी होते. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं भिली, पावरी बोलतात. त्यातले दुखणं, ताप, उलटी, जुलाब यांचे शब्द त्या भागातल्या मैत्रिणीकडून डायरीत उतरवून घ्या. त्या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट बरेच. त्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही, पण ‘नाटक करतो’ हे कुणाच्या तोंडून ऐकलं तरी आपण म्हणू नका.

कचऱ्याचे रंग पाठ हवेत: रक्ताने भरलेला कापूस पिवळ्यात, सलाईनची नळी लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्ही रोखणारं औषध लागलं तर ते पहिल्या काही तासांत सुरू व्हावं लागतं, 72 तासांनंतर उपयोग नाही. रागावतील म्हणून लपवू नका.