पन्नाशी-साठीतले स्पोर्ट टूरिंग: गाडीची निवड, बैठक आणि दिवसाचा हिशेब

स्पोर्ट टूरिंग हा मोटरसायकलचा प्रकार मुळातच प्रौढांचा आहे, असे म्हटले तर तरुण चालकांनी रागावू नये. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर१००आरएस ही पूर्ण फेअरिंगची, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणाची, मोटरसायकल आणली. वाऱ्याचा मारा चुकवत दिवसभर वेगाने जाता यावे आणि वळणांचा रस्ता आला की गाडीने कुरकुर न करता झुकावे, ही त्या गाडीमागची कल्पना होती. १९९० ची होंडा एसटी११०० आणि २००१ ची यामाहा एफजेआर१३०० याच वाटेने गेल्या. रेसिंगच्या गाडीवर ओणवे बसणे ज्यांच्या मनगटांना आणि मानेला आता सोसत नाही, पण वळण सोडून निव्वळ सरळ रस्त्याची आरामखुर्चीही ज्यांना नको असते, असे लोक या गाड्यांकडे वळतात, आणि ती अवस्था बहुधा चाळिशीनंतरच येते.

अमेरिकेतील मोटरसायकल उद्योगाच्या पाहण्यांनुसार १९९० मध्ये मोटरसायकल मालकांचे मध्यक वय ३२ होते, तर २०१८ मध्ये ते ५० झाले होते, म्हणजे निम्मे मालक पन्नाशी ओलांडलेले होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी हौस म्हणून गाडी घेतली तीच पिढी त्या हौशीसह वयाने वाढत गेली, हे याचे एक मोठे कारण आहे. त्यातही स्पोर्ट टूरिंगची गाडी मोठी आणि महाग असते, शिवाय तिच्यासाठी सलग सुट्टी लागते. त्यामुळे पंचेचाळीस ते पासष्ट हा या मंडळींचा मुख्य पट्टा माझ्या पाहण्यात आहे, आणि सत्तरी ओलांडलेला चालक भेटला तर कोणी भुवया उंचावत नाही.

तेव्हा ‘या वयात चालवावी का’ या प्रश्नात मी शिरत नाही. वय नेमके कुठे आडवे येते हे ओळखणे जास्त उपयोगाचे आहे, आणि पुष्कळांचा अंदाज इथेच चुकतो. शंभरच्या वेगात घेतलेल्या वळणावर तीस वर्षांचा सराव चालकाला सांभाळून घेतो. वय दिसते ते दोन ठिकाणी: गाडी उभी असताना, आणि प्रवासाच्या पाचव्या तासाला. तयारी या दोन ठिकाणांची करायची.

उभ्या गाडीचे वजन

एफजेआर१३०० पेट्रोल भरून साधारण २९० किलो भरते. यामाहाचीच आजची ट्रेसर ९ जीटी २२० किलोच्या आसपास आहे. चालताना हा सत्तर किलोंचा फरक जाणवतही नाही, पण उतारावर, खडीवर, एक पाय जरासा खोलगट जागी पडला की तो सगळा फरक एका मांडीवर येतो. दोन्ही बाजूंचे पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पेट्या, भरले की आणखी वीस किलो सहज वाढतात. म्हणून साठीच्या आसपास नवी गाडी घेताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी पेट्रोलसह वजन पाहावे आणि त्यानंतर सीटची उंची. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी भक्कम टेकले पाहिजेत. फक्त बोटे टेकत असतील तर ती गाडी आपली नव्हे, मग ती कितीही देखणी असो.

दुकानात गाडी पाहायला जाताना प्रवासात घालायचे बूट आणि जाड विजार घालूनच जावे. गाडीवर दहा वेळा चढावे-उतरावे, ती मागे ढकलून पाहावी, जमल्यास हलक्या चढावर ढकलावी आणि मेन स्टँडवर घ्यावी. हे करताना विक्रेता कंटाळतो; त्याला कंटाळू द्यावे. मागच्या सीटवर मोठी बॅग बांधलेली असताना पाय तिच्यावरून पलीकडे जातो का, हेही इथेच तपासावे, कारण खुब्याचा सांधा आखडलेल्या माणसाची गाडी पडते ती अनेकदा चढता-उतरताना बूट बॅगेत अडकल्यामुळे. पाय जात नसेल तर सामान बाजूच्या पॅनिअरमध्ये आणि टाकीवरच्या बॅगेत विभागावे.

सावकाश चालवण्याचा सराव मात्र कोणतीही खरेदी टाळू शकत नाही. रिकाम्या, सपाट जागेत महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे काढावीत. क्लच अर्धा पकडून ठेवायचा, मागचा ब्रेक हलका दाबून गाडी ताणात ठेवायची, नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जिथे जायचे तिथे वळवायची आणि हँडल जवळजवळ पूर्ण वळवून यू-टर्न घ्यायचा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबून थांबणे हे जड गाडी आडवी करण्याचे हमखास साधन आहे. अगदी शेवटच्या फुटावर हँडल सरळ करावे आणि मग थांबावे. गाडी लावताना बाहेर कसे निघणार याचा विचार आधी करावा, कारण उताराकडे तोंड करून भिंतीला टेकवलेली गाडी मागे ओढताना तिशीतल्या माणसाचाही दम निघतो.

आणि एवढे करूनही गाडी पडू लागलीच, तर एका मर्यादेनंतर तिला सोडून द्यावे. काही अंशांपलीकडे झुकलेली गाडी कोणीही धरू शकत नाही, आणि फेअरिंगवरचा ओरखडा खांद्याच्या फाटलेल्या स्नायूपेक्षा केव्हाही स्वस्त असतो. उचलण्यापूर्वी इंजिन बंद करावे, शक्य असल्यास गिअर टाकावा, आणि गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. मग गाडीकडे पाठ करून, नितंब सीटला टेकवून, पाठीचा कणा सरळ ठेवत मांड्यांच्या जोरावर लहान पावले मागे टाकत ती उभी करावी. ज्यांना हृदयविकार किंवा हर्निया आहे त्यांनी हे स्वतः करूच नये. दोन माणसांची वाट पाहण्यात कमीपणा नाही.

डाव्या हाताच्या बोटांना संधिवात असलेल्यांनी क्लचविना चालणाऱ्या गाड्या जरूर चालवून पाहाव्यात. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर१२००एफवर ड्युअल क्लचची स्वयंचलित रचना आणली, आणि आता तसे पर्याय इतर कंपन्यांकडेही आहेत. फक्त एक लक्षात ठेवावे की अशा गाडीत सावकाश वळताना अर्धा क्लच हाती नसतो, त्यामुळे मागच्या ब्रेकचा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

बैठक

मनगटे बधिर होत असतील तर दोष बहुधा मनगटांचा नसतो. पोट आणि कंबर शरीराचा भार पेलत नाहीत, म्हणून तो हातांवर येतो. गुडघ्यांनी टाकी हलकी आवळून धरली आणि पोटाचे स्नायू कामाला लावले की हँडलवरची पकड आपोआप सैल होते. हँडल वीस-तीस मिलिमीटर उंच करणारे रायझरही मिळतात, पण ते बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेकची नळी आणि केबली ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. फूटरेस्ट खाली घेतल्याने गुडघ्यांना आराम मिळतो, मात्र तेवढाच वळणावर झुकण्याचा वाव कमी होतो.

विंडशील्ड उंच असेल तितकी चांगली, हा समज खोटा आहे. हेल्मेटवर स्वच्छ वारा यावा किंवा अजिबात येऊ नये. मधल्या अवस्थेत हवेचे भोवरे डोके हलवत राहतात आणि संध्याकाळी मान धरते. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज महामार्गाच्या वेगात शंभर डेसिबलच्या घरात जातो, म्हणून कानात बोळे घालणे हा चोचला समजू नये. उरलेली श्रवणशक्ती त्याने टिकते, आणि ज्याने ते एकदा वापरले त्याला दिवसअखेरचा थकवा किती कमी होतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

डोळ्यांबद्दल अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. पंचेचाळीसच्या सुमारास जवळचे अंधूक दिसू लागते, त्यामुळे डॅशबोर्डवरची बारीक अक्षरे वाचण्यात नजर रस्त्यावरून जास्त वेळ हटते. वेग आणि पुढचे वळण एवढेच मोठ्या अक्षरांत दिसेल अशी पडद्याची मांडणी करून घ्यावी. दूरचे-जवळचे एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो; त्यातून गाडीजवळची जमीन धूसर दिसते आणि नेमका पाय टेकवताना घोटाळा होतो, म्हणून गाडीसाठी वेगळा चष्मा करून घेण्याबद्दल नेत्रतज्ज्ञाशी बोलावे. बुबुळ जुने झाले की बाहुली अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि डोळ्यातले भिंगही पिवळसर होते. विशीच्या तुलनेत साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि समोरच्या दिव्यांनी दिपल्यावर सावरायला वेळ लागतो. कोणत्याही चष्म्याने ही उणीव पुरती भरून निघत नाही. म्हणून मुक्कामी सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे, हा माझ्या दृष्टीने साठीनंतरचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. हेल्मेटला गडद व्हायझर (पुढची काच) लावून बोगद्यात शिरणे हाही याच कारणाने टाळण्याचा प्रकार होय.

मान पूर्ण वळत नसेल तर लेन बदलताना कमरेतून वळावे, आरसे थोडे बाहेर घ्यावेत, आणि घरी रोज मान सावकाश दोन्हीकडे फिरवण्याचा व्यायाम करावा. आरशात न दिसणारी गाडी वयाचा मान ठेवत नाही.

पाचवा तास

ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर हात जायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर बारा मीटर निघून जातात. पुढच्या वाहनामागे दोन सेकंदांचे अंतर ठेवण्याची जुनी सवय असेल तर ते तीन-चार सेकंद करावे. मधे कोणी घुसले तर घुसू द्यावे.

दिवसाचे अंतर किलोमीटरवर न ठरवता खोगिरावरच्या तासांवर ठरवावे. वळणांच्या डोंगरी रस्त्यावर पाच ते सहा तास प्रत्यक्ष चालवणे पुरेसे असते, मग त्यात तीनशे किलोमीटर होवोत की चारशे. दर दीड तासाने, थकवा आला नसला तरी, उतरावे आणि पाच मिनिटे चालावे. टाकीत साडेतीनशे किलोमीटरचे पेट्रोल मावते हा गाडीचा गुण असला, तरी मूत्राशयाचा आवाका वेगळा असतो, आणि पुरुषांना पन्नाशीनंतर हे समजावून सांगावे लागत नाही. थांबावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारे किंवा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी परस्पर चुकवणारे चालक मी पाहिले आहेत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे तहान लागेपर्यंत न थांबता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे.

औषधांविषयी डॉक्टरांना मोघम विचारू नये. ‘मी सकाळी नऊ ते चार मोटरसायकल चालवणार आहे, या गोळीने झोप किंवा चक्कर येते का’ असे नेमके विचारावे. सर्दीवरच्या काही साध्या गोळ्याही गुंगी आणतात, आणि रात्री घेतलेल्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी उरू शकतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर तशी ठळक नोंद असलेले कार्ड जाकिटाच्या वरच्या खिशात ठेवावे, कारण डोक्याला मार लागल्यास उपचार करणाऱ्याला ही गोष्ट सर्वांत आधी कळणे गरजेचे असते.

तरुण सोबत्यांबरोबर जाताना निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे की प्रत्येक जण आपापल्या गतीने येईल आणि प्रत्येक मोठ्या फाट्यावर पुढचा थांबेल. हे ठरवले नाही तर शेवटचा चालक सबंध दिवस पाठलाग करत राहतो, आणि पाठलागात केलेली चूक पाचव्या तासाला भोवते.

मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना

वीस वर्षांनी पुन्हा गाडी घेणाऱ्यांची अडचण शरीरापेक्षा आठवणींची असते. आपण पूर्वी कसे चालवत होतो हे त्यांना पक्के आठवते, पण हात ते विसरलेले असतात. आजच्या लिटरभर क्षमतेच्या गाडीची ताकद त्यांच्या जुन्या गाडीच्या दुप्पट असू शकते. पहिले दोन महिने गाडी इंजिनाची ताकद सौम्य करणाऱ्या पावसाळी मोडमध्येच चालवावी आणि एखादा प्रशिक्षण वर्ग करावा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी रचना, मोटरसायकलवर १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने आणली, वळणावर झुकलेल्या गाडीसाठीची तिची सुधारित आवृत्ती केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर २०१४ च्या सुमारास आली. अशा गाडीवर ब्रेक थांबून थांबून दाबण्याची जुनी शिकवण मोडून, आणीबाणीत ठामपणे दाबून धरण्याचा सराव करावा लागतो.

अपघातात वयाचा परिणाम कसा दिसतो, याबद्दल २०१३ मध्ये ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांत आलेल्या जखमी चालकांपैकी साठीपुढच्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता विशी-तिशीतल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळली. त्याच धक्क्याने जुनी बरगडी लवकर मोडते, इतके ते सरळ आहे. म्हणून खर्चात कपात करायची असेल तर एक्झॉस्टवर करावी. एअरबॅगचे जाकीट, छाती-पाठीचे संरक्षक आणि मानेला न जड होणारे हलके हेल्मेट यांवर करू नये.

गाडी एकदम सोडण्याची गरज सहसा येत नाही. आधी वजन कमी करावे, मग दिवस लहान करावा, मग रात्र आणि मुसळधार पाऊस वगळावा. यातली पुढची पायरी कधी घ्यायची हे समजण्यासाठी मी टाकीवरच्या बॅगेत एक छोटी वही ठेवतो. उभी गाडी पडली, कोणाचा हॉर्न अचानक कानावर आला, वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले, एखादा सिग्नल दिसलाच नाही, की त्याच संध्याकाळी तारखेसह एक ओळ लिहायची. एका मोसमात दोन-तीन ओळी होतात. ज्या वर्षी माझ्या वहीत उभ्या गाडीच्या दोन ओळी आल्या, त्या हिवाळ्यात मी माझी जड गाडी विकून सत्तर किलोंनी हलकी गाडी घेतली, आणि पुढच्या मोसमात तसली एकही ओळ लिहावी लागली नाही.