उजीला माचा खायला जाण्याआधी

उजी म्हणजे जपानमधलं क्योतोजवळचं शहर, माचासाठी, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीसाठी प्रसिद्ध. तिथे जायच्या आदल्या रात्री हलकं जेवा आणि हॉटेलचा नाश्ता फुकट आहे म्हणून सकाळी त्यावर आडवा हात मारू नका. क्योतोहून जेआर रेल्वेच्या नारा लाइनची जलद गाडी वीसेक मिनिटांत उजीला सोडते, त्यामुळे वाटेत काही जिरायला वेळच मिळत नाही. ओसाकाहून येणार असाल तर केइहान या खाजगी रेल्वेची गाडी पकडा आणि चुशोजिमा स्टेशनवर बदला. शनिवार-रविवार शक्यतो नकोच.

रोख येन जवळ असू द्या, सुट्टे तर हवेतच. त्यात १० येनचं एक नाणं बाजूला काढून ठेवा. त्यावर कोरलेलं मंदिर म्हणजे इथलंच ब्योदोइन, १०५३ साली बांधलेला फिनिक्स हॉल. तळ्याकाठी उभं राहून नाणं समोर धरायचा मोह सगळ्यांनाच होतो, तुम्हालाही होईल. खिशात एक रिकामी पिशवीही टाका. रस्त्यात कचऱ्याचे डबे नसल्यातच जमा, आणि दांगोच्या (काडीत ओवलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या) चिकट काड्या हातात घेऊन फिरण्यात मजा नाही.

आता शाकाहारींसाठी, जरा सविस्तर. हिरवं दिसतं ते सगळं चालतं असं समजू नका. माचा जेलीत आणि पार्फेच्या (उभ्या ग्लासातल्या आइस्क्रीमच्या) थरांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून केलेलं. ‘कान्तेन’ असेल तर निर्धास्त खा, ते समुद्री शेवाळाचं, आपल्या चायना ग्रासच्या जातीचं. माचा घातलेल्या सोबा नूडल्स दिसायला निरागस, पण त्यांच्या रश्शात माशाची दाशी, म्हणजे अर्क, असतो. ताकोयाकी नावाच्या गोळ्यांत तर ऑक्टोपसच, पीठ हिरवं असलं म्हणून काय झालं! म्हणून ‘जिलेटिन, मासे, मांस, अंडं चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहून घेऊन मोबाइलमध्ये ठेवा आणि काउंटरवर सरळ दाखवा. तांदळाच्या पिठाचे चा-दांगो (चहाचे दांगो) आणि वाराबीमोची ही स्टार्चची मऊ मिठाई, हे त्यातल्या त्यात भरवशाचे.

स्टेशनाजवळ १८५४ पासूनचं नाकामुरा तोकिची हे चहाचं दुकान आहे, बांबूच्या नळकांड्यातल्या चहाच्या जेलीसाठी प्रसिद्ध. अशा नावाजलेल्या ठिकाणी आधी नंबर लावा, मग फिरा. पण पहिला घास गोडाचा नको, म्हणजे नुसत्या गोडाचा. ब्योदोइनजवळ, नदीकाठी उजी शहराचं ताइहोआन हे चहाघर आहे. तिथे साधा वाटीतला माचा आधी प्या. सोबत येणारी छोटी मिठाई चहाआधी संपवायची असते, चहासोबत चघळत बसायचं नाही. दिवसभर आइस्क्रीम आणि केकमध्ये जे शोधायचं ती चव या वाटीत कळते: आधी तुरट, मग पालेभाजीच्या जवळ जाणारी, आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारा गोडवा. आइस्क्रीम-केक खाऊन मग प्यायलात तर नुसतं कडू लागेल. आणि मोजून प्या. माचात पानाची अख्खी पूड पोटात जाते, कॅफिनसकट; दुपारी चारनंतरची तिसरी वाटी रात्री जागवते.

सॉफ्ट आइस्क्रीमवर वरून पूड भुरभुरलेली असेल तर पहिला चावा घेताना श्वास रोखा. ठसका लागला की हिरवा ढग शर्टावर, त्यामुळे पांढरे कपडे हॉटेलातच राहू द्या. दुकानासमोर उभं राहून संपवा, चालत खाणं इथे बरं दिसत नाही.

ही पूड होते कशी ते बघायचं असेल तर केइहान उजी स्टेशनजवळच्या चाझुना या चहाच्या संग्रहालयात दगडी जात्यावर माचा दळायचा कार्यक्रम असतो. आधी बुकिंग करा. जातं तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम दळतं. भाव ऐकून भुवया उंचावल्या असतील तर हे एक कारण, आणि तोडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर धरलेली सावली हे दुसरं.

घरी न्यायचे डबे दुपारआधीच घ्या. २०२४ पासून मागणी इतकी वाढली आहे की काही दुकानं माणशी मर्यादा घालतात आणि चांगला माल लवकर संपतो. डबा छोटाच घ्या, वीस-तीस ग्रॅमचा, कारण उघडल्यावर रंग आणि वास महिनाभरात उतरतो. बाकी दुकानं पाचच्या सुमाराला आवरायला लागतात, तेव्हा परतीची गाडी त्या हिशेबाने धरा.