जर्मन टालर घ्यायचा तर आधी काटा काढा

जुन्या जर्मन संस्थानांचा टालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, हातात आला की नजर छापावर खिळते. पण नाणं आधी ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. १५६६ च्या मानाचा टालर २९.२ ग्रॅमच्या आसपास भरतो, कस (हजार भागांत चांदी किती) ८८९. १७५३ पासूनचा कन्व्हेन्शनस्टालर, म्हणजे करारानं ठरलेल्या मानाचा टालर, २८.०६ ग्रॅम, कस ८३३. प्रशियाचा १७५० नंतरचा मात्र २२.२७ ग्रॅमचाच, कस ७५०. हलका म्हणून तो परत करू नका. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणारच. छाप खणखणीत आणि वजन ग्रॅमभर कमी, तिथे थांबायचं.

कस पाहायला सराफ बाजारात नाणं कसोटीवर अजिबात घासू देऊ नका, ओरखडा कायमचा राहतो. त्यापेक्षा पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला-काठाला टेकू देऊ नका. नाण्याच्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. ८८९ कसाला साधारण १०.३ येतं, ८३३ ला १०.२. नऊच्या आसपास आलं तर आत तांबं आहे. बुडबुडे चिकटले तर उत्तर फसवं येतं. नाणं हलवून पुन्हा मोजा.

मग कड फिरवून पाहा, विशेषतः छापातल्या डोक्याच्या वरची. दागिन्यासाठी लावलेली कडी काढली की डाखाचा डाग किंवा कानशीचा सपाट पट्टा उरतो. अशा नाण्याला पूर्ण भाव देऊ नये. कडेला गोल फिरणारी शिवण दिसली तर ओतीव नक्कल समजा. पण रुळांमधून छापलेली नाणी मुळातच किंचित वाकलेली असतात, ती ठोकून सरळ करू नका. छापाखाली दबलेले समांतर ओरखडेही दोष नव्हेत. वजन जुळवायला टांकसाळीतच चकती कानशीने घासत.

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा १७८० चा टालर आपल्याकडे बराच दिसतो. तेच साल ठेवून तो पुढे कित्येक वर्षं पाडला गेला, १९४०-४१ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतही. त्यामुळे साल पाहून पैसे मोजू नका. साध्या नगाला चांदीच्या भावाहून थोडंच जास्त द्यावं.

चिंच, रिठा, पितांबरी यांपासून नाणं लांब ठेवा. काळसर झाक गेली की भावही जातो. नाशिकच्या पावसाळ्यात नाणी लाकडी कपाटात नकोत, पीव्हीसीच्या पाकिटातही नकोत. त्याने हिरवा चिकट थर धरतो. मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. पुड्या श्रावणात एकदा बदला.