‘स्प्रिंगा कुठायत?’ : क्लच आणि फ्लायव्हीलची जोडी जमवताना

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स करून मी पुण्यात एका ट्यूनिंग गॅरेजला लागलो, तेव्हा क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा आणि चढवायचा, एवढंच मला माहीत होतं. साध्या गाडीत ते खरंही आहे. कंपनीचा किट येतो, बसतो, गाडी जाते. पण प्लेट (ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती) एकाची, फ्लायव्हील (इंजिनच्या क्रँकला बसणारं जड चाक) दुसऱ्याचं, प्रेशर प्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) तिसऱ्याची अशी वेळ आली की जोडी जमवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. या कामात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण माझ्या हातून ती जोडी पहिल्याच मोठ्या कामात चुकली.

गाडी होती स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर. मालकांनी रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) घेतला होता, टॉर्क २८०च्या आसपास गेला होता. चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरपीएमचा काटा उडी मारायचा आणि गाडीचा वेग आहे तिथेच. क्लच घसरतोय का हे असंच बघायचं असतं. वरचा गिअर, आणि टर्बो भरून टॉर्क सगळ्यात जास्त येतो ती जागा. पहिल्या गिअरमध्ये क्लचच्या आधी चाकंच सुटतात, काही कळत नाही.

या गाडीत मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये लांब वाकलेल्या स्प्रिंगा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन धक्के येतात. ८०० आरपीएमच्या आयडलला ते सेकंदाला सत्तावीसच्या घरात जातात. हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून त्या स्प्रिंगा. आमच्या गाडीतलं फ्लायव्हील खिळखिळं झालं होतं, म्हणून त्याजागी एकसंध, सिंगल मास बसवायचं ठरलं. या गिअरबॉक्सला जुन्या फोक्सवॅगन कोराडो जी-६०चं फ्लायव्हील आणि व्हीआर-६ इंजिनवाल्या गाडीचा २२८ मिलिमीटरचा क्लच बसतो, ही जोडी जगभर वापरून झालेली आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तशीच आणली. क्लच प्लेट मात्र मालकांकडे एक नवी कोरी पडून होती. व्यास तोच, स्प्लाइनचे (मधल्या भोकातल्या खाचांचे) दाते तेच, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून बघितली तर बिनबोभाट बसली. मी ती लावली.

गाडी चालू केली आणि न्यूट्रलला गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. दीड हजार आरपीएमला अख्खी गाडी थरथरायची. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स परत खाली. आमच्याकडे एक जुने फिटर काका होते. त्यांनी ती प्लेट उचलून माझ्या हातात दिली. “हबकडे बघ. स्प्रिंगा कुठायत?”

नव्हत्याच. ती ड्युअल मासची प्लेट होती. तिथे धक्के गिळायचं काम फ्लायव्हील करतं, म्हणून प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, ताठ असतो. फ्लायव्हील एकसंध केलं की ते काम प्लेटकडे येतं आणि हबभोवती स्प्रिंगा लागतातच. मी दोन्ही ताठ लावले होते, धक्के सरळ गिअरच्या दातांवर जात होते. उलटी चूकही घडते. स्प्रिंगवाली प्लेट ड्युअल मासवर लावली तर जाडजूड हब फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना घासू शकतो. असा एक क्लच मी पुढे उघडला तेव्हा सहाही बोल्ट चांदीसारखे चकचकीत झाले होते.

किती ताकदीचा क्लच घ्यायचा याचं गणित साधं आहे: दोन घर्षणपृष्ठं, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. ०.३, ७००० न्यूटन आणि साडेनऊ सेंटिमीटर धरले तर ३९९ न्यूटन मीटर येतात. इंजिनच्या खऱ्या टॉर्कपेक्षा पंचवीस-तीस टक्के वर राहिलं की रस्त्यावरच्या गाडीला पुष्कळ झालं. पोरं सहाशेचा क्लच मागतात, तिथे मी हटकून अडवतो. दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि पेडल दाबलेलं असेपर्यंत तो सगळा भार क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या) येतो. घर्षण वाढवायला सिरॅमिकच्या पाकळ्यांची प्लेट घेतली तर ती एकदम पकडते, मधलं काही नाही. संध्याकाळी कात्रज चौकात अशी गाडी इंच-इंच पुढे घेऊन बघा. रस्त्यावर चालायची असेल तर माझं मत ऑरगॅनिक लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) आणि थोडी कडक प्रेशर प्लेट.

हलक्या फ्लायव्हीलबद्दलही हिशेब करूनच बोला. परिघावरचे साधारण चार किलो कमी झाले तर जडत्व ०.०५ किलो-मीटर-वर्गाच्या आसपास घटतं. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १३ असेल तर गाडी ९४ किलोनी हलकी झाल्यासारखी वागते, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. वरच्या गिअरमध्ये ते ३ असेल तर फायदा जेमतेम पाच किलोंचा. म्हणजे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसच्या स्टार्टला उपयोग, एक्सप्रेसवेवर जवळपास शून्य, आणि घाटाच्या चढावर गाडी उचलताना बंद पडायची भीती जास्त. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: बिडाचं मूळ फ्लायव्हील लेथवर पोखरून हलकं करणं. वरच्या आरपीएमला ते फुटतं, आणि तुकडे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) फोडून बाहेर येतात. हलकं हवं असेल तर फोर्ज्ड स्टीलचं, एसएफआय १.१ या रेसिंगच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर प्लेट घासते तिथे स्टीलची चकती बसवलेली आहे ना, ते बघा.

बसवण्याआधी सगळं टेबलावर मांडून मापं घ्या. फ्लायव्हीलवर प्लेट आणि प्रेशर प्लेट आवळून डायफ्रॅमच्या (प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगच्या) बोटांची उंची मोजा आणि मूळ सेटशी ताडून बघा. फरक मोठा निघाला तर ती बोटं दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगचा प्रवास पुरत नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही. क्रँकचे बोल्ट नवेच घ्या. सिंगल मासचे आखूड असतात, ड्युअल मासचे लांब, त्यांची अदलाबदल चालत नाही. आवळणी ६० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. प्लेटवर कधी कधी जर्मनमध्ये ‘गेट्रीबेझायटे’ असं कोरलेलं असतं. ती बाजू गिअरबॉक्सकडे. नव्या फ्लायव्हीलवरचं गंज न लागण्याचं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा आणि स्प्लाइनवर ग्रीस नावापुरतं लावा. जास्तीचं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच बसतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा देत आवळा, नाहीतर कव्हर वाकतं.

आमच्या आरएसला शेवटी स्प्रिंगवाली प्लेट लागली आणि थरथर गेली. आयडलला थोडी खडखड राहिली. सिंगल मासला ती राहतेच, क्लच दाबला की थांबते. हे मालकांना चावी देतानाच सांगायचं असतं, म्हणजे ते रात्री नऊला बेअरिंग गेलं म्हणून फोन करत नाहीत. मग पहिले ८०० किलोमीटर शहरातच, सतत गिअर बदलत, जोरात न उचलता. त्यानंतर मी स्वतः ती गाडी घेऊन बाहेर पडलो. चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा या वेळी बरोबरीने वर गेले.